फर्मवेअर अपडेटनंतर आवाज बदलला का? घरच्या घरी तपासण्याची रीत

साउंडबार, एव्ही रिसीव्हर (टीव्ही व इतर साधनांचा आवाज स्पीकरांना पुरवणारे यंत्र), स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत वाजवणारे यंत्र) किंवा वायरलेस स्पीकर यांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसून त्याला चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत झाले की काही दिवसांतच आवाज बदलल्याची कुजबुज सुरू होते. कोणाला तो मोकळा झाल्यासारखा वाटतो, कोणाला बसल्यासारखा. अशी प्रत्येक तक्रार म्हणजे मनाचा खेळ, असे म्हणून ती झटकून टाकणे जितके चूक, तितकेच ती डोळे मिटून खरी मानणेही चूक. आवाज जेथे आकड्यांच्या रूपात फर्मवेअरच्या हातून जातो, तेथे ते तो निश्चितच बदलू शकते. जेथे तसा तो जात नाही, तेथे त्याचे काही चालत नाही. अडचण अशी की बहुतेक घरगुती यंत्रांत एकदा नवी आवृत्ती चढली की जुनीकडे परतण्याची सोय नसते, त्यामुळे तुलनेला लागणारा पुरावा अपडेटच्या आधीच गोळा करून ठेवावा लागतो. पुढील सर्व खटाटोप त्यासाठी आहे.

फर्मवेअरचा हात कोठवर पोहोचतो

आपल्या यंत्रात आवाजाची वाट कशी आहे, हे प्रथम माहितीपुस्तिकेतून समजून घ्यावे. साध्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरमध्ये मायक्रोकंट्रोलर असतो, परंतु त्याचे काम रिमोटचे संदेश वाचणे, इनपुट बदलणे, डिस्प्ले चालवणे आणि संरक्षक रिले सांभाळणे एवढेच असते. टर्नटेबल किंवा सीडी प्लेअरच्या तारेतून आलेला ॲनालॉग सिग्नल त्यातून आकड्यांत न बदलता जात असेल, तर त्याचे फर्मवेअर कितीही वेळा बदलले तरी ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि स्पीकरचा शंकू यांत काडीचाही फरक पडत नाही.

डीएसपी, म्हणजे आकड्यांवर प्रक्रिया करणारा प्रोसेसर, जेथे आवाजाच्या वाटेवर बसलेला असतो, तेथे मात्र चित्र पूर्ण पालटते. साउंडबार, स्मार्ट स्पीकर, ॲक्टिव्ह स्पीकर, एव्ही रिसीव्हर आणि वायरलेस हेडफोन यांत ट्वीटर (उंच स्वरांचा स्पीकर) व वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) यांच्यात स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर, स्वरपट्ट्या कमी-जास्त करणारा इक्वलायझर, खोलीच्या परिणामानुसार होणारी आवाजाची दुरुस्ती (खोली-दुरुस्ती), जास्त आवाजात स्पीकर वाचवणारा लिमिटर आणि व्हॉल्यूमच्या प्रत्येक पायरीला किती डेसिबल वाढवायचे हा तक्ता, हे सर्व फर्मवेअरमध्येच लिहिलेले असते. लहान आकाराच्या साउंडबारमधून येणारा बास तर बराचसा या गणिताचीच किमया असते. लिमिटरची एक मर्यादा खाली आणली, की तोच साउंडबार मोठ्या आवाजात पोकळ वाटू लागतो.

कंपन्या असे बदल उघडपणे जाहीर करतात, याचीही उदाहरणे आहेत. ॲपलने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या होमपॉड या स्मार्ट स्पीकरच्या १५.१ या आवृत्तीतून लॉसलेस ऑडिओ आणि डॉल्बी ॲटमॉस संगीताची सोय दिली. डेनॉन आणि मराँट्झ यांच्या अनेक रिसीव्हरना २०१६ मध्ये डीटीएस:एक्स हे सभोवतालच्या आवाजाचे स्वरूप फर्मवेअरद्वारेच मिळाले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या निवडक मॉडेलांना डिराक लाइव्ह ही खोली-दुरुस्तीची प्रणाली वेगळे पैसे भरून घेता येऊ लागली. अशा अपडेटनंतर आवाज बदलला, तर त्यात नवल ते काय!

मधला प्रदेश स्ट्रीमर आणि डॅक, म्हणजे आकड्यांतील आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारे यंत्र, यांचा. डॅकच्या चिपमध्ये शेवटचा डिजिटल फिल्टर निवडण्याची सोय असते आणि फर्मवेअर ती निवड बदलू शकते, परंतु सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या संगीतात या फिल्टरांमधील फरक मुख्यतः १५ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो, जो चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक कानांना ऐकूच येत नाही. एखाद्या स्ट्रीमरच्या अपडेटमध्ये केवळ वाय-फायची दुरुस्ती असताना त्याने तंबोऱ्याची जवारी खुलवली, असे कोणी सांगत असेल, तर सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही त्या निष्कर्षावर जरूर शंका घ्यावी.

अपडेटचे बटण दाबण्याआधी

सर्वप्रथम आपोआप अपडेट होण्याची सोय बंद करावी. ती चालू राहिली, तर यंत्र रात्री दोन वाजता गुपचूप नवे रूप घेते आणि तुलनेची संधी कायमची जाते. काही वायरलेस स्पीकरांत ही सोय बंदच करता येत नाही. तेथे पुढील नोंदी यंत्र घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवाव्यात.

त्यानंतर फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि मेन्यूतील प्रत्येक पडदा यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. स्पीकरचा आकार, अंतर, पातळी, क्रॉसओव्हरची कंप्रता, सबवूफरची रीत, खोली-दुरुस्ती चालू की बंद, लाउडनेस, रात्रीचा मोड, संवाद ठळक करणारा मोड, ऑडिओ डिले, काहीही सोडू नये. ज्या रिसीव्हरमध्ये संपूर्ण मांडणी पेन ड्राइव्हवर किंवा ॲपमध्ये जतन करता येते, तेथे तीही करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. पण अपडेटनंतरच्या तक्रारींची गोम बहुतेक वेळा याच फोटोंत सापडते.

एव्ही रिसीव्हर किंवा ॲम्प्लिफायर असेल, तर साधा मल्टीमीटर फार उपयोगी पडतो. तो घरी नसेल तर पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळतो. २०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीच्या २० डेसिबल खाली असलेला साइन स्वर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून तयार करावा, तो नेहमीच्याच साधनातून वाजवावा, व्हॉल्यूमचा आकडा ठरावीक ठेवावा आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजावे. मोजताना दोन टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. डावा, उजवा, खोली-दुरुस्ती चालू असताना आणि बंद असताना, असे वेगवेगळे आकडे फोटोंसोबत लिहून ठेवावेत.

यापुढची पायरी हौसेची आहे, परंतु खरा पुरावा तीच देते. आरईडब्ल्यू हे खोलीतील ध्वनी मोजण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्याला मिनीडीएसपीच्या यूमिक-१ सारखा, स्वतःची कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन जोडला, की स्पीकरने दिलेल्या स्वीपवरून, म्हणजे खालून वर चढत जाणाऱ्या स्वरावरून, प्रतिसादाचा आलेख मिळतो. मायक्रोफोन ऐकण्याच्या जागी स्टँडवर ठेवून स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, उंची मोजून लिहावी. १० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, त्यामुळे मायक्रोफोन चार बोटे सरकला तरी वरच्या पट्टीतील आलेख निराळा दिसतो आणि त्याचे खापर बिचाऱ्या फर्मवेअरवर फुटते.

पुण्यातील घरांत मोजमाप करताना दोन-तीन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. छताचा पंखा बंदच हवा. त्याची घरघर खालच्या पट्टीत मिसळते आणि फिरती पाती वरच्या पट्टीतील परावर्तने सतत हलवत राहतात. कर्वे रस्ता किंवा सिंहगड रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यालगत घर असेल, तर रात्री अकरानंतरची वेळ धरावी. खिडक्या, पडदे, दारे आणि सोफ्यावरच्या उशा दोन्ही वेळी सारख्याच असाव्यात. तापमानाकडेही दुर्लक्ष करू नये: घरात २० अंश असताना हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३५ अंशांना तो ३५२ च्या पुढे जातो. या अडीच टक्क्यांच्या फरकाने खोलीतील बासचे उंचवटे आणि खड्डे तितकेच सरकतात. म्हणून डिसेंबरच्या पहाटेचा आलेख एप्रिलच्या दुपारच्या आलेखाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही; आधीचे आणि नंतरचे मोजमाप एकाच दिवशी, शक्य तर तासाभरात उरकावे.

मायक्रोफोन न हलवता लागोपाठ तीन-चार स्वीप घेणे अत्यंत आवश्यक आहे. काहीही न बदलता घेतलेले हे आलेख एकमेकांपासून जितके ढळतात, ती आपल्या मोजमापाची मर्यादा. अपडेटनंतरचा फरक त्याहून मोठा असेल, तरच त्याला फरक म्हणावे.

प्रत्यक्ष अपडेट करताना वीज जाणे हा सर्वांत मोठा धोका. लेखन अर्ध्यावर थांबले तर यंत्र कायमचे ठप्प होऊ शकते. महावितरणची देखभालीची कामे पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा गुरुवार टाळावा, आणि वळवाच्या पावसाची चिन्हे असलेली संध्याकाळही टाळावी. इन्व्हर्टर असल्यास यंत्र आणि राउटर दोन्ही त्यावर घ्यावेत; यंत्र चालू राहिले आणि राउटर बंद पडला, तर उपयोग नाही.

अपडेटनंतर आधी मेन्यू, मग कान

अपडेट पूर्ण झाले, की गाणे लावण्याचा मोह आवरून आधी फोटो काढलेले सर्व पडदे पुन्हा उघडावेत. अनेक यंत्रांत मोठ्या अपडेटनंतर काही किंवा सर्व मांडणी कारखान्यातून आली तशी होते. कोथरूडमधील एका परिचित काकांकडे असाच प्रकार झाला होता. त्यांचे म्हणणे, "अहो, अपडेट केल्यापासून तबल्याचा डग्गाच गेलाय, नुसती चाट ऐकू येते." त्यांच्याकडे पुढचे दोन स्पीकर लहान, शेल्फवर मावणारे होते आणि बास सबवूफर सांभाळत असे. रिसीव्हरच्या मेन्यूत पाहिले, तर पुढचे स्पीकर 'स्मॉल' ऐवजी 'लार्ज' झाले होते आणि सबवूफर केवळ 'एलएफई' वर होता. याचा अर्थ असा की चित्रपटातील स्वतंत्र बासचा मार्ग तेवढा सबवूफरकडे जात होता. दोन मार्गांच्या संगीतातील सगळा बास त्या लहानग्या स्पीकरांकडेच राहत होता आणि त्यांना तो पेलवत नव्हता. स्पीकर पुन्हा 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणला आणि डग्गा परतला. काकू म्हणाल्या, "मग एवढे दिवस कंपनीला शिव्या घालत होता ते?" त्यात कंपनीचाही थोडा दोष होताच, कारण मांडणी पुसली जाईल असा इशारा अपडेटच्या पडद्यावर कोठेही दिला नव्हता.

मेन्यू जुळला तरी संशय राहत असेल, तर आवाज यंत्रापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, ते पाहावे. पुष्कळदा अपडेट टीव्हीचे किंवा मोबाइलचे झालेले असते आणि बोल स्पीकरला लागतो. टीव्हीचा डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम' (कोड केलेला आवाज जसाच्या तसा) वरून 'पीसीएम' (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) वर गेला, तर सभोवतालचे मार्ग दोनात मिसळले जातात आणि पातळीही बदलते. ब्लूटूथमध्ये जोडणी नव्याने झाल्यावर एलडॅक किंवा एएसी ऐवजी साधा एसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत, निवडला गेलेला असू शकतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत तो दिसतो. संगीताच्या ॲपमधील आवाजाची पातळी समान ठेवणारी सोयही तपासावी. स्पॉटिफाय ही सोय चालू असताना सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) या पातळीकडे गाणी आणते. ती चालू किंवा बंद झाली, की तेच गाणे कित्येक डेसिबलने वर-खाली होते.

डिजिटल आउटपुट असलेल्या स्ट्रीमरसाठी एक जुनी, स्वस्त आणि भरवशाची युक्ती आहे. डीटीएस या बहुमार्गी आवाजाच्या पद्धतीने कोड केलेली वेव्ह फाइल स्ट्रीमरवरून लावावी आणि ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल तारेने रिसीव्हरला द्यावी. रिसीव्हरवर डीटीएसची खूण उजळली आणि संगीत नीट वाजले, तर वाटेत एकाही बिटचा 'ध'चा 'मा' झालेला नाही असे समजावे. व्हॉल्यूम, इक्वलायझर किंवा नमुना-दर (सेकंदाला किती नमुने) यांत कोठे हस्तक्षेप झाला असेल, तर संगीताऐवजी नुसता खरखराट येतो. तो फार मोठा असू शकतो, म्हणून आवाज आधी अगदी कमी ठेवावा. ही चाचणी अपडेटच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा यशस्वी झाली, तर त्या स्ट्रीमरच्या डिजिटल वाटेने आवाज बदलला, हा मुद्दा तेथेच निकालात निघतो.

पातळी जुळवल्याशिवाय मत देऊ नये

आता मल्टीमीटर पुन्हा लावावा. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १२ टक्के आणि अर्धा डेसिबल म्हणजे सुमारे सहा टक्के. व्हॉल्यूमच्या त्याच आकड्यावर आधी १.०० व्होल्ट आणि आता १.१२ व्होल्ट मिळत असतील, तर नव्या आवृत्तीने यंत्र एक डेसिबल मोठे केले आहे. कानाची फसगत नेमकी येथे होते: इतका छोटा फरक आपल्याला 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, तो 'अधिक स्पष्ट', 'अधिक भरदार', 'गायक समोर बसल्यासारखा' असा जाणवतो. पातळी उतरली असेल, तर हीच विशेषणे उलटी होतात. व्हॉल्यूमचा तक्ता बदलला हादेखील फर्मवेअरने केलेला खरा बदल आहे, परंतु तो रिमोटच्या एका दाबाने भरून निघतो. त्याला गुणवत्तेतील फरक म्हणता येत नाही. गंभीर तुलनेसाठी दोन्ही बाजूंची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत जुळवण्याचा प्रघात आहे.

साउंडबारला स्पीकरचे टर्मिनल नसतात. तेथे मायक्रोफोन खुणेच्या जागी ठेवून पिंक नॉइज, म्हणजे सर्व पट्ट्यांतील स्वर एकत्र असलेला एकसारखा सळसळाट, वाजवावा आणि पातळी वाचावी. मोबाइलमधील ध्वनिमापक ॲप निरपेक्ष आकड्यासाठी विश्वासाचे नसले, तरी एकाच मोबाइलने, एकाच जागेवरून घेतलेल्या दोन आकड्यांच्या तुलनेसाठी पुरेसे असते.

त्यानंतर स्वीप घेऊन जुना आणि नवा आलेख एकावर एक ठेवावा. संपूर्ण रेषा समान अंतराने वर-खाली असेल, तर तो केवळ पातळीचा प्रश्न. एखाद्याच पट्ट्यात, समजा ८० ते २०० हर्ट्झमध्ये, दोन डेसिबलचा उतार नव्याने दिसत असेल आणि तो पुन्हा घेतलेल्या प्रत्येक स्वीपमध्ये तसाच राहत असेल, तर फर्मवेअरने इक्वलायझेशन बदलले, असे ठामपणे म्हणता येते. साउंडबार आणि स्मार्ट स्पीकर यांचा स्वीप हळू आणि मोठ्या, अशा दोन पातळ्यांवर घ्यावा. यांतील अनेक यंत्रे आवाज वाढेल तसा बास आवरतात, त्यामुळे लिमिटरमधील बदल मोठ्या पातळीवरच उघडा पडतो. ज्या यंत्रात खोली-दुरुस्ती आपोआप चालते, ते अपडेटनंतर स्वतःला पुन्हा जुळवत असते. त्याला थोडा वेळ गाणी वाजवू द्यावीत आणि मगच मोजावे.

शेवटी कानाची परीक्षा

आलेखात न दिसणारे काही ऐकू येते, असा आग्रह असेल, तर त्याचीही रीतसर परीक्षा घेता येते. ध्वनीच्या बारकाव्यांची आपली स्मृती काही सेकंदांचीच असते, आणि अपडेटला दहा-पंधरा मिनिटे लागतात. 'काल ऐकले होते त्यापेक्षा आज बरे' हे विधान म्हणूनच फार कच्चे. त्यावर उपाय असा की ज्या यंत्राला लाइन-आउट किंवा प्री-आउट आहे, त्याचा आउटपुट अपडेटच्या आधी आणि नंतर यूएसबी ऑडिओ इंटरफेसने २४ बिटमध्ये मुद्रित करून ठेवावा. दोन्ही मुद्रणे तीच फाइल वाजवून, त्याच तारांनी आणि इंटरफेसच्या त्याच गेनवर घ्यावीत. नंतर संगणकावर त्यांची पातळी जुळवून, फूबार२००० मधील एबीएक्स या सोयीने ती हेडफोनवर ऐकावीत. समोर कोणते मुद्रण वाजते आहे हे संगणक लपवतो आणि ते ओळखणे एवढेच आपले काम. १६ पैकी १२ वेळा अचूक ओळखले, तर ते निव्वळ अंदाजाने साधण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. आठ-नऊ वेळाच ओळखता आले, तर फरक ऐकू आला असे म्हणण्याला आधार उरत नाही.

याच दोन मुद्रणांची डेल्टावेव्ह या मोफत सॉफ्टवेअरने वजाबाकीही करता येते. दोन ॲनालॉग मुद्रणांची वजाबाकी कधीच पूर्ण शून्य येत नाही, कारण घड्याळे किंचित मागेपुढे चालतात आणि इंटरफेसचा स्वतःचा सूक्ष्म गोंगाट असतो. म्हणून येथेही जुन्याच आवृत्तीची दोन मुद्रणे आधी एकमेकांतून वजा करून पाहावीत आणि उरलेल्या अवशेषाशीच नव्याची तुलना करावी.

ऐकण्यासाठी कोणते संगीत निवडावे, याला महत्त्व आहे. सतत चढ-उतार असलेल्या तुकड्यात लहान फरक हरवून जातो. तंबोऱ्याचे एकसलग ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम, कारण त्यात जवारीमुळे वरपर्यंत पसरलेले स्वरांश जवळजवळ एकसारखे चालू राहतात आणि एखाद्या पट्ट्यात बदल झाला असेल तर तो चटकन डोके वर काढतो. पिंक नॉइज त्याहूनही संवेदनशील असतो, मात्र तो फार वेळ ऐकवत नाही. बाससाठी डग्ग्याची घुमार आणि पखवाज, मधल्या पट्टीसाठी ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे, एवढे पुरे.

अशा परीक्षांना उतरलेली तक्रारच कंपनीपुढे टिकते. २०१९ मध्ये बोसच्या क्यूसी ३५ हेडफोनच्या दुसऱ्या आवृत्तीबाबत, नव्या फर्मवेअरने बाह्य आवाज दाबण्याची क्षमता कमी झाली, अशी ओरड झाली होती. कंपनीच्या अभियंत्यांनी काही ग्राहकांच्या घरी जाऊन तपासणी केली आणि फर्मवेअरमुळे ती क्षमता घटली नसल्याचा निष्कर्ष कंपनीने जाहीर केला. अशा वेळी ज्याच्या हाती स्वतःची आधीची नोंद नसेल, त्याला कंपनीचे म्हणणे मान्य करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

तक्रार लिहिताना मॉडेल, अनुक्रमांक, जुना आणि नवा आवृत्ती क्रमांक, दोन्ही वेळचे मेन्यूचे फोटो, व्होल्टेजचे आकडे आणि एकाच मापपट्टीवर ठेवलेले दोन आलेख जोडावेत. 'आवाजात जान राहिली नाही' असे लिहिलेल्या पत्राला 'फॅक्टरी रीसेट करून पाहा' हेच उत्तर येते. '१२० हर्ट्झला अडीच डेसिबलची घट, सर्व मांडणी पूर्ववत असताना, तीन स्वीपमध्ये सारखीच' असे लिहिले, तर ते बहुधा अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोहोचते. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर जुनी आवृत्ती सेवा केंद्रात चढवून मिळते का, हे त्याच पत्रात विचारावे. इंटरनेटवर कोणी ठेवलेली जुनी फाइल स्वतःहून चढवण्याच्या फंदात मात्र पडू नये: दुसऱ्या देशासाठीच्या मॉडेलची फाइल चढली, तर यंत्र सुरूच होईनासे होते, आणि मग हमीही हातची जाते.